राख वेगळी, काच वेगळी

मामा, तुम्ही जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि मागच्या दारी तुमचे डबे होते तिथंच आहेत. त्यांचं काय करायचं हा विषय घरात कुणी काढलेला नाही. तुमच्या बुटांचं बोलून झालं, काठीचं झालं, हळदीच्या गोदामावर तुमच्या जागी रखवालीला कोण लागणार याचंसुद्धा झालं. डब्यांचं नाव निघालं की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं. मी मात्र सकाळी चहाचा चोथा गाळणीतून काढते आणि हात आपोआप ओल्याच्या डब्याकडं जातो. परवा गडबडीत पदराची टाचणी त्यात पडली. मी वाकले, साली उपसून ती शोधून काढली आणि मग सवयीनं मागं वळून बघितलं. ओरडायला तुम्ही नव्हता. मला रडू आलं ते त्या टाचणीपायी.

फौजेत तुम्ही किती वर्षं काढली, कुठं कुठं होता, ते सगळं मोठ्या भाऊजींनी आल्यागेल्याला सांगितलं. मी त्यातलं काही सांगणार नाही. सासरा आणि सून यांच्यात बोलण्यासारखं तसं असतं किती? आपल्यात होते ते डबे. आपलं जे काही भांडण झालं ते त्यांच्यावरूनच, आणि ते मिटायच्या आधीच तुम्ही उठून गेलात.

मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा तुमचे धाकटे चिरंजीव रजा संपवून पलटणीत परत गेलेले. घरात आपण तिघं, तुम्ही, आत्याबाई आणि मी. पहिल्याच आठवड्यात मी चुलीतली राख काढली, कांद्याच्या सालींवर ओतली आणि डब्याचं झाकण लावलं. तुम्ही गोदामावरून आलात, चहाच्याही आधी डबा उघडलात आणि विचारलंत, "सूनबाई, राख आन् साल एका जागी कुनी घातली?" मला वाटलं, हा काहीतरी सोवळ्याओवळ्याचा प्रकार आहे. आमच्या कराडात केर म्हणजे केर. सुपलीत भरायचा, कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर झटकायचा आणि मागं न बघता घरी यायचं. तुम्ही खाली बसलात आणि राख लागलेली एकेक साल वेगळी करायला लागलात. नवी सून उभी आणि सासरा साली निवडतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही बसले. "ओल्यात राख पडली की खताचा दम जातो," तुम्ही म्हणालात. "राख कोरडी ऱ्हाऊ द्यायची. ती मागनं, येगळी द्यायची, तीबी पातळ."

वनस्पती तुपाचे ते रिकामे डबे, त्यांवर पांढऱ्या रंगानं पलटणीतल्या पेट्यांवर असतात तशी ठोकळा अक्षरं. राख. ओलं. पत्रा. काच. कागदाला डबा नव्हता, तो चुलीला लागायचा. आणि शेवटच्या डब्यावर तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं. तुमच्या फौजेतल्या लंगरात असंच चालायचं म्हणे. स्वयंपाकघराला तुम्ही लंगरच म्हणायचा, आणि आत्याबाई त्यावर रोज नव्यानं चिडायच्या. "आदी डब्याचं दर्शन, मग देवाचं," असं त्या तुम्हाला ऐकू जाईल इतपत पुटपुटायच्या. तुम्हाला ऐकू जायचंच. तुम्ही काठीनं झाकण उचलून आत बघायचा आणि सगळं जागच्या जागी असलं तर नुसतं "ठीक" म्हणायचा. ते "ठीक" मिळालं की माझा दिवस बरा जायचा, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गुरुवारी हातगाडी घेऊन रज्जाकभाई यायचा. सगळ्या गल्लीत त्याला हाका मारत फिरावं लागायचं. लोक त्याच्यापुढं फुटक्या बाटल्या, गंजके खिळे, मोडक्या छत्र्या सगळं एकत्र ओतायचे आणि तो गटाराच्या कडेला बसून बोटं सांभाळत निवडायचा. आपल्या दारात मात्र तो हातगाडी टेकवून निवांत बिडी काढायचा. पत्र्याचे डबे तुम्ही हातोडीनं चेपून ठेवलेले, काच चिंध्यांत गुंडाळलेली. "आबा, तुमच्या दारात आलं की भंगार न्हाई, दुकानात आल्यागत वाटतंय," असं तो म्हणायचा आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचा. कौतुक तुम्हाला आवडायचं. नाही म्हणायचं कारण नाही.

पण त्या बिननावाच्या डब्यावरून आपली जुंपायची. संपलेले सेल, गेलेले बल्ब, रबरी नळीचे तुकडे, आणि अलीकडं कापडाच्या दुकानातून येतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या. रज्जाकभाई त्यातलं काही घेत नव्हता आणि मातीही घेत नव्हती. ती पिशवी तुम्ही मुद्दाम पुरून, वर्षानं उकरून बघितली होती. जशीच्या तशी निघाली. मी म्हणायची, "ठरत न्हाई तर टाकून द्या की, मामा. डबा कशाला अडवायचा?" तुम्ही विचारायचा, "टाकून द्यायचं म्हंजे कुटं?" मी म्हणायची, "कुटंबी." मग तुम्ही तो डबा माझ्या हातात द्यायचा. "जा, टाकून यी. कुटं टाकलंस तेवडं मला यून सांग." मी एकदा रागानं तो घेऊन खरंच निघाले. कोपऱ्यावर उकिरडा होता, पलीकडं ओढा होता, त्याच्यापलीकडं कुणाचं तरी परसू. मी डबा तसाच घेऊन परत आले. तुम्ही पाण्याचा तांब्या तेवढा पुढं केलात. त्याचा मला जास्त राग आला.

साली, देठं, चोथा, शेवग्याचा पाला, हे सगळं परसातल्या खड्ड्यात कुजायचं. आणि ते काळं, भुसभुशीत झालं की तुम्ही ते हळदीच्या फाटक्या पोत्यात भरून गावाला न्यायचा. सांगलीहून कराड, कराडला गाडी बदलून पाटण, पाटणच्या पुढं तिसरी गाडी, आणि उतरल्यावर चढ, पोतं डोक्यावर. कशासाठी? तर तुमच्या त्या तुकड्यासाठी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा कोयनाकाठची मळीची जमीन सगळी खाली गेली. राहिला तो माथ्यावरचा कातळ, आणि भाऊजींच्या वाटणीची चढावरची थोडी वरकस जमीन. त्या कातळाच्या एका खोलगट जागेला तुम्ही दगडाची ताल, म्हणजे माती अडवायचा बांध, घातलीत आणि तिथं माती करायला घेतलीत. माती आणायला नव्हे, करायला. भाऊजी त्याला "आबाचं वाकळंएवडं रान" म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायची, फक्त तोंडावर पदर घेऊन.

एकदा तुमच्याबरोबर मीही आले होते. कंडक्टरनं पोत्याला लाथ लावून विचारलं, "काय हाय ह्यात? हळद?"

"माती," तुम्ही म्हणालात.

"पोतं तर हळदीचं हाय."

"पोतं हळदीचं. आत माती."

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरही हसला. "आवं आबा, सांगलीस्नं पाटणला माती? तिकडं काय माती न्हाई व्हय?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हुती."

एवढंच. त्या कंडक्टरनं स्वतः ते पोतं उचलून मागच्या बाकाखाली सरकवलं आणि पुढच्या माणसाकडं वळला. बहुतेक त्याच्याही गावावर पाणी चढलं असावं. मी त्या दिवसापासून पोत्याला हसले नाही. पण भांडण सोडलं असं समजू नका.

कारण माझं म्हणणं अजून तेच आहे. पेन्शनीतल्या माणसानं, रात्रभर रखवाली करून, त्या चढानं पोतं वाहायला नको होतं. तिथल्या गोठ्यातलं शेण मागितलं असतं तर भाऊजींनी दोन पाट्या दिल्या असत्या. हे मी कितीदा सांगितलं. तुमचं उत्तर ठरलेलं. "त्याचं शेन त्याच्या रानाला पुरत न्हाई. आन् आपुन सांगलीत खातो ती भाजी कुनाच्या तरी मातीतनंच आली न्हवं? मग ती गटारीत का घालायची?" तुमच्या छातीत दुखायला लागलं ते त्या चढामुळं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते. आता तुम्ही उलटून बोलायला नाहीत म्हणून मी माघार घेणार नाही.

काचेचं मात्र आपलं कधी भांडण झालं नाही. त्या तुकड्यावर तुम्ही चपला तालीखाली काढून चढायचा. माती किती झाली ते डोळ्यांना नाही, पायालाच कळतं, असं तुमचं म्हणणं. म्हणून ओल्याच्या डब्यात एकवेळ दुसरं काही चुकून गेलं तर चालेल, काच जाता कामा नये.

आणि ती माझ्याकडूनच गेली. लढाई लागली होती तो हिवाळा. हे सरहद्दीवर. आत्याबाईंचे उपास चाललेले, घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी पाट्यावर चटणी वाटत होते, वरवंटा निसटला आणि हातातलं हिरवं काकण फुटलं. काकण वाढलं म्हणायचं असतं, पण मला तेही म्हणवेना. नवरा लढाईत आणि हातातलं काकण खाली. काचेचा डबा आत्याबाईंच्या अगदी नजरेसमोर, त्यात हिरवा तुकडा दिसला असता तर त्यांनी अन्न सोडलं असतं. मी तुकडे गोळा केले आणि ओल्याच्या डब्यात, दुधीच्या सालींखाली, खोल दाबले. दुसऱ्या दिवशी कासाराकडून जोड भरून आले आणि गप्प राहिले.

पुढं केव्हातरी तुम्ही गावाहून लंगडत आलात. तळव्याला रुमाल बांधलेला. आत्याबाईंनी विचारलं, "काय लागलं?" तुम्ही म्हणालात, "काटा." त्या नळावर गेल्या तशी तुम्ही खिशातून हिरव्या काचेचा तुकडा काढलात, काचेच्या डब्यात अगदी तळाशी ठेवलात आणि वर बाटलीचं बूड ठेवलंत. मी दारात उभी. तुम्ही मला रागावला नाहीत. "भ्याली हुतीस तर मला सांगायचं, पोरी," तुम्ही म्हणालात. "डब्याला कशाला सांगितलंस? काच मातीत मरत न्हाई." आणि झाकण लावता लावता, "त्यो येतोय बग." ते आले. धडधाकट आले. तुमच्या तळव्याचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे, वाचतील तेव्हा वाचतील. त्यानंतर पोतं शिवायच्या आधी मी दर वेळी त्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची. तुम्ही कधी बघ म्हणाला नाहीत, आणि मीही कधी चुकवलं नाही.

गेल्या साली तुम्ही गावाहून येताना पंचाच्या टोकात घेवडा बांधून आणलात. त्या तुकड्यावरचा पहिला. आत्याबाईंनी गाठ सोडली, मी शिरा काढल्या, भाजी केली. तिघांच्या ताटात चमचा-चमचा आली. मी म्हटलं, "इतक्या वर्सांच्या खटाटोपाला मूठभर घेवडा, मामा." तुम्ही चवीनं खात होता. "मूठ तर हाय," म्हणालात. "आदी कातळ हुता." शिरा पुन्हा ओल्याच्या डब्यात गेल्या. भाजीला मीठ कमी पडलं होतं, तेही तुम्ही बोलला नाहीत. त्या दिवशी मी मनापासून "चांगली झालीय" म्हणायला हवं होतं. म्हणजे माती.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते.

तुमचे गावाकडचे जोडीदार वारले, त्यांची रक्षा कराडच्या संगमावर सोडली आणि तुम्ही तिथून परस्पर सांगलीला आलात, तो दिवस. मी पडवीत तांदूळ निवडत होते. तुम्ही समोर बसून जुन्या चाळणीनं चुलीची राख चाळत होता. मध्येच म्हणालात, "माजं पान्यात काय घालू नगा. पान्यानं माजं लय घेतलंय."

मी म्हटलं, "मामा, अभद्र बोलू नका."

"अभद्र कशाला? राख हाय. राखंचं काय करायचं ते ठावं हाय न्हवं तुला?"

तुमचा हात थांबला होता. तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी "दूध उतू जाईल" म्हणून उठले आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हतंच. ते तुम्हालाही ठाऊक होतं, सकाळीच संपलं होतं. थोड्या वेळानं चाळणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो विषय तुम्ही परत काढला नाहीत, मीही नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून "हो" यायचं राहिलं ते राहिलंच.

तुम्ही गेलात त्या सकाळी गोदामावरून आलात, डबे बघितलेत, "ठीक" म्हणालात आणि मागच्या पायरीवर टेकलात. मी चहा घेऊन आले तर मान खांबाला लागलेली. सदऱ्यावर नेहमीसारखी हळदीची पिवळी धूळ. मी दोनदा "मामा" म्हटलं. तिसऱ्यांदा मी ओरडले असणार, कारण गल्ली जमा झाली.

नंतरचं तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुम्ही बघितलं नाहीत आणि बघितलं असतंत तर तुमचा विश्वास बसला नसता. बायका जमल्या, कुंकू पुसलं, आणि काकणं फोडायला एक म्हातारी वरवंटा घेऊन पुढं झाली. आत्याबाई तिथंच पायरीवर, खताच्या खड्ड्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी हात मागं घेतला.

"फोडू नगं," त्या म्हणाल्या. "काच उडंल. खड्ड्यात जाईल."

"आगं, आता खड्ड्याचं काय घिऊन बसलीस?"

"त्यांच्या पायाला लागंल," आत्याबाई म्हणाल्या.

ती म्हातारी वरवंटा हातात धरून तशीच उभी राहिली. आत्याबाईंनी पाणी मागितलं, मनगट भिजवलं आणि एकेक काकण उतरवून माझ्या ओंजळीत दिलं. हाताला काकण रुतत होतं, ओरखडे उठले, पण एकही फुटू दिलं नाही. "काचंच्या डब्यात ठिव," मला म्हणाल्या. मी ठेवली. मामा, तुमच्या डब्यांना जन्मभर नावं ठेवणारी ही बाई. मी त्या क्षणी तिच्या पाया पडायला हवं होतं. पण हातात काकणं होती, आणि तुम्हाला न्यायची घाई चाललेली.

हे दुसऱ्या दिवशी पोचले, तार वेळेवर मिळाली म्हणून. अग्नी मोठ्या भाऊजींनी दिला होता. सावडायच्या दिवशी सकाळी भाऊजी म्हणाले, "समदं कराडला न्यायचं. आपली समदी संगमावरच गेल्यात." हे मान खाली घालून बसलेले. मी आतल्या दाराशी होते. आत राहिले असते तरी कुणी मला काही म्हटलं नसतं. पण चुलीवर नसलेलं दूध आठवलं आणि मी चौकटीतून बाहेर आले.

"मामांनी सांगितलंय, पान्यात घालू नका म्हनून."

भाऊजींनी वर बघितलं. "कुनाला सांगितलंय?"

"मला."

"आमी दोगं पोरं. आमाला न्हाई सांगितलं, आन् तुला सांगितलं?"

त्यांचं चुकत नव्हतं. साक्षीला कोण होतं? एक मी आणि एक चाळणी. यांची मान खालीच. मला वाटलं, झालं, आता पिशवी भरतील आणि कराडची गाडी धरतील, आणि मी जन्मभर तुमची ती थांबलेली नजर घेऊन राख चाळत बसेन.

तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला. "तिला न्हाई तर कुनाला सांगनार? तुमी दोगं कवा हुता हितं?"

त्या बाहेर आल्या. हातात राखेचा डबा. कधी घासला होता कोण जाणे, आतून लख्ख केला होता. तो त्यांनी भाऊजींपुढं ठेवला. "त्यांनी जल्मभर निवडलं. आता तुमी निवडा. हाडं संगमावर न्या, तुमच्या मनासारकं करा. राख ह्यात आना."

"राख आनून ठेवायची कुटं, आई?"

"तुज्या बापानं रान केलंय न्हवं? तितं."

भाऊजींनी त्या डब्यावरची अक्षरं वाचली. वाकळंएवढं रान म्हणून हसणारे तेच. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डब्याचा काठ पुसला, तसा तो आधीच स्वच्छ होता, आणि डबा काखेत घेऊन ते घाटाकडं निघाले. बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळं तिथलं मी बघितलं नाही. हे सांगतात, भाऊजींनी कुणाला हात लावू दिला नाही. एकटेच बसून निवडत होते.

अस्थी कराडलाच गेल्या. तिथं कोयना येऊन मिळते, म्हणजे जिच्यावर तुमचा राग तिच्यातच. तेवढं माझं चाललं नाही. सांगलीच्या कृष्णेत सोडल्या असत्या तरी तुम्ही म्हणालाच असता की हे पाणीही वरनं कोयनेचंच येतंय. तुम्हाला पुरं समाधान कशातच नव्हतं, मामा. राखेचा डबा तेरावं होईपर्यंत परसातल्या शेवग्याला टांगलेला होता, आणि येता-जाता मला वाटायचं, आता काठीनं झाकण उचलणार.

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही गावी गेलो. हे, मी आणि तिथून भाऊजी. वारं सुटायच्या आधी, सकाळीच चढलो, राख वाऱ्यात टाकायची नाही म्हणून. चपला तालीखाली काढल्या. मी काढल्या तशा दोघा भावांनीही काढल्या, कुणी सांगितलं नाही. ह्यांनी डबा हातात घेतला आणि एका कोपऱ्यात ओतायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "एका जागी नगा वतू. पाटीत घ्या. पाटी हलवत म्होरं जायचं. पातळ." ते थांबले. माझ्याकडं बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला.

मी पाटीत घेतली. तुम्ही शिकवलंत तशी, मनगट सैल ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जागा थोडी, लगेच संपली. तुमच्या हाताखाली काम शिकले आणि पहिलं नीट केलेलं काम हे. डोळे भरून आले होते, पण हात चुकला नाही.

मग मी खाली बसले आणि मातीत बोट घातलं. माझ्या मनात इतकी वर्षं होतं की तिथं काही नाही, पोत्यांनी आणलेला थर, पावसाबरोबर वाहून जाणारा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि मग कातळाला लागलं. वास आला तो आपल्या परसाचा. तुम्ही जाताना एवढी माती झाली होती, मामा. म्हणजे मी हरले. पोत्याच्या बाबतीत नाही, मातीच्या बाबतीत. तेवढं तुम्ही ऐकून ठेवा, मी ते दुसऱ्यांदा म्हणणार नाही. भाऊजींनीही माझ्यासारखंच बोट घालून बघितलं. उतरताना म्हणाले, "म्होरलं पोतं कराडपत्तुर आना. स्टँडावर मी उतरून घेतो. चढावं तुमी नगा." एवढी साधी गोष्ट तुम्ही असताना त्यांना सुचली नाही आणि तुम्ही कधी मागितली नाहीत. बापलेक दोघंही सारखेच.

गुरुवारी रज्जाकभाई आला. त्यानं हातगाडी टेकवली, बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. मी पत्रा दिला, काच दिली. आत्याबाईंची काकणं देण्याआधी बाहेर काढली आणि त्या बिननावाच्या डब्यात ठेवली. त्यांचं कुठं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, ऱ्हाऊ दे, ठरंल तवा ठरंल. त्या डब्यावरून मी तुमच्याशी किती भांडले, आणि त्यात पहिल्यांदा स्वतःहून काही ठेवलं ते हे.

राखेच्या डब्यात पुन्हा चुलीची राख पडायला लागली आहे. पहिल्या दिवशी माझा हात अडला होता. आत्याबाई म्हणाल्या, "घाल. राखच हाय." मी घातली.

मागच्या खड्ड्यातलं खत तयार झालं होतं, ते कालच पोत्यात भरलं. रविवारच्या गाडीनं मी कराडपर्यंत घेऊन येते, पुढं भाऊजी आहेत. तोंड शिवायच्या आधी कोपरापर्यंत हात घालून बघितलं. एकदा मी बघितलं आणि एकदा आत्याबाईंनी, त्यांच्या मोकळ्या हातानं. काच नाही. चपला तालीखाली काढा, मामा, आणि खुशाल फिरा.